जुन्या गार्डन ट्रॅक्टरला बसणारा मोअर डेक कसा शोधावा

अमेरिकेत शहरापासून जरा लांब, एक-दोन एकर आवाराचे जुने घर विकत घेतले की पुष्कळदा मागच्या शेडमधला तीस-चाळीस वर्षांचा गार्डन ट्रॅक्टरही घराबरोबरच आपल्याकडे येतो. त्याचे इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते, गिअर पडतात, टायर हवा धरून असतात. पण खाली वाकून पाहिले की ज्याच्यासाठी तो ठेवायचा, तो गवत कापण्याचा डेक, म्हणजे पोटाखाली टांगलेले, आत पाती असलेले पत्र्याचे कवच, मात्र गंजून चाळण झालेला दिसतो. यात नवल काही नाही. त्या काळच्या चांगल्या गार्डन ट्रॅक्टरांचे इंजिन आणि गिअरपेटी ओतीव लोखंडाची असे, तर डेक पत्र्याचा. ओले गवत त्या पत्र्याच्या पोटाला थापून बसते, हिवाळाभर तसेच राहते आणि पत्रा आतून खात जाते. म्हणून ट्रॅक्टर शाबूत आणि डेक गेलेला, अशी जोडी सगळीकडे आढळते.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या दीड एकरावर मी याच परिस्थितीतून गेलो आहे, आणि नव्याने घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून हाच प्रश्न मला वारंवार येतो. बहुतेकांचा पहिला विचार असा असतो की डेक ४२ इंची होता, तेव्हा ४२ इंची डेक आणावा म्हणजे झाले. इथेच गाडे अडते, आणि ते का अडते हे समजले तर पुढचे सगळे सोपे जाते.

माझा थोरला भाऊ कराडजवळ शेती करतो. त्याने रोटाव्हेटर घेतला तेव्हा प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या: आपला ट्रॅक्टर किती एचपीचा आहे आणि रोटाव्हेटर किती फुटी आहे. बाकीचे आपोआप जुळले, कारण शेतीच्या ट्रॅक्टरची मागची थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार जोडायची तीन टोकांची जोडणी, ठरावीक वर्गवारीतली असते आणि अवजाराला इंजिनाची शक्ती देणारा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ शाफ्ट सहा खाचांचा, १.३७५ इंच व्यासाचा असतो, मग ट्रॅक्टर एका कंपनीचा असो आणि अवजार दुसऱ्या. गार्डन ट्रॅक्टरच्या पोटाखाली टांगल्या जाणाऱ्या डेकला असे सामाईक माप नाही. प्रत्येक कंपनीने, आणि एकाच कंपनीने वेगवेगळ्या वर्षी, टांगणी आपल्या सोयीने केली. त्यामुळे आपण शोधायचा असतो तो नुसता डेक नव्हे. डेक, त्याला धरणारी टांगणी आणि इंजिनापासून पात्यापर्यंत जाणारी बेल्टची वाट, असा तिघांचा मिळून एक संच शोधायचा असतो. या तिघांतला एक जरी परका निघाला तरी डेक बसत नाही.

ट्रॅक्टर नक्की कोणाचा, हे आधी ठरवा

बॉनेटवरच्या नावावर विसंबू नये. मॉडेल क्रमांकाची पट्टी शोधावी. ती बहुधा सीटखाली, डॅशबोर्डखाली किंवा मागच्या फेंडरवर असते. पट्टी पुसट झाली असेल तर ओल्या फडक्याने हलकेच पुसून, टॉर्च तिरपा धरून वाचावी. सरळ प्रकाशात न दिसणारे ठसे तिरप्या प्रकाशात उठून दिसतात. मॉडेल आणि सिरियल, दोन्ही क्रमांकांचा फोटो काढून ठेवावा, कारण अनेक मॉडेलांत उत्पादनाच्या मध्येच बदल झाले आणि तो बदल केवळ सिरियल क्रमांकावरूनच कळतो.

नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, ही गोष्ट इथे नेहमीची आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. सीअर्स कंपनी क्राफ्ट्समन या नावाने ट्रॅक्टर विकत असे, पण ते तिने स्वतः बनवले नाहीत. क्रमांकाच्या सुरुवातीचे तीन आकडे खरा निर्माता सांगतात. ९१७ असेल तर तो रोपरचा किंवा रोपरचा हा व्यवसाय पुढे ज्यांच्याकडे गेला त्या ‘एवायपी’चा (अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्सचा), म्हणजे आजच्या हस्कवार्नाच्या घराण्यातला, २४७ असेल तर एमटीडीचा, ५०२ असेल तर मरेचा. म्हणून ९१७ वाल्या क्राफ्ट्समनसाठी त्याच काळातल्या हस्कवार्ना किंवा पोलन नावाच्या ट्रॅक्टरचा डेकही तपासण्याजोगा ठरतो, आणि २४७ वाल्याचा डेक मात्र, दोन्हींवर क्राफ्ट्समन लिहिलेले असूनही, उपयोगाचा नसतो.

असेच दुसरे उदाहरण अ‍ॅलिस-चाल्मर्सचे आहे. तिचे १९६० च्या दशकातले बी-१० सारखे लहान ट्रॅक्टर विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन इथे सिम्प्लिसिटीच्या कारखान्यात तयार होत. १९६५ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्सने ती कंपनीच विकत घेतली. बी-१० च्या मालकाने फक्त अ‍ॅलिस-चाल्मर्सचा डेक शोधत बसण्यापेक्षा सिम्प्लिसिटीच्या लँडलॉर्ड मालिकेकडेही पाहिले तर शोधाचे क्षेत्र एकदम मोठे होते.

उलट, नाव तेच राहून आतले यंत्र बदलल्याची उदाहरणेही आहेत. कब कॅडेट हा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर १९६० मध्ये आला आणि १९८१ मध्ये तो धंदा एमटीडीकडे गेला. पण त्याआधीच, १९७१ मध्ये, कंपनीने अरुंद चॅसिस सोडून रुंद चॅसिस आणली होती. जुने जाणकार पहिल्याच प्रश्नात ‘नॅरो फ्रेम की वाइड फ्रेम’ असे विचारतात ते यासाठीच. दोन्ही पिवळे-पांढरे, दोन्ही कब कॅडेट, पण डेकची टांगणी वेगळी. व्हील हॉर्स १९८६ च्या अखेरीस टोरोकडे गेला. त्याचा फायदा एवढा की जुन्या व्हील हॉर्सची कितीतरी माहितीपुस्तके टोरोकडे आजही मिळतात.

जुना डेक टाकण्याआधी एकदा पुन्हा पाहा

नवा शोधण्याचा खटाटोप करण्याआधी जुन्याची परीक्षा करावी. डेक काढून उलटा करावा, आतला थर प्लास्टिकच्या पातीने खरवडावा आणि जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा सगळीकडे दाबून पाहावा. कडेला, गवत बाहेर पडण्याच्या तोंडाशी भोके असतील तर पत्र्याचे ठिगळ वेल्डिंग करून अजून कित्येक वर्षे काम चालते. पण स्पिंडल, म्हणजे पाती ज्यांच्यावर फिरतात ते उभे आस, ज्या गोल जागी बोल्टने बसतात, तिथला पत्रा मऊ लागला किंवा त्याला तडे दिसले, तर मात्र तो डेक चालवू नये. मी माझा डेक उलटा केला तेव्हा मधल्या स्पिंडलभोवतीचा गवताचा वाळलेला थर एका तुकड्यात सुटून आला, त्याच्या मागच्या बाजूला गंजाचे तांबडे पापुद्रे चिकटलेले होते, आणि जिथे पत्रा असायला हवा होता तिथून शेडच्या दारातला उजेड दिसत होता. मिनिटाला तीन हजारांहून अधिक वेळा फिरणारे पाते अशा जागी टांगलेले होते, याचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

पत्रा ठीक आणि फक्त बेअरिंग गेली असतील तर प्रश्न फारच लहान असतो. या स्पिंडलमध्ये पुष्कळदा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ क्रमांकाची साधी, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग असतात. हे जगभर चालणारे क्रमांक आहेत. मोटारसायकलची बेअरिंग विकणाऱ्या पुण्यातल्या दुकानात जे ६२०३ मिळते, तेच इथेही बसते: आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर, जाडी १२ मिलिमीटर.

टांगणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

जुना डेक टाकायचे ठरले तरी तो लगेच भंगारात देऊ नये. तो आपला नमुना आहे. तो ट्रॅक्टरखाली असतानाच आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मग मापे घ्यावीत.

पहिले माप पुढच्या टायरच्या मागच्या कडेपासून मागच्या टायरच्या पुढच्या कडेपर्यंतचे. याच जागेत डेकला मावायचे असते. हे माप स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घ्यावे, कारण सरळ चाकांना न लागणारा डेक वळलेल्या चाकाला घासतो. दुसरे माप चॅसिसच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे आणि जमिनीपासून चॅसिसच्या खालच्या कडेपर्यंतच्या उंचीचे. डेक पूर्ण वर उचलला की त्यावरच्या पुलीची झाकणे, बेल्ट आणि मधला स्पिंडल या सगळ्यांना वर जागा हवी. ती अपुरी असेल तर डेक अर्धाच उचलला जातो आणि उंचवट्यावर जमीन खरवडतो.

तिसरी गोष्ट जोडणीच्या टोकांची. बहुतेक डेक पुढे एका आडव्या दांड्याला किंवा दोन कड्यांना अडकतात आणि मागे लिफ्टच्या हातांना पिनांनी जोडले जातात. पुढचा दांडा डेकला पुढे-मागे सरकू देत नाही, मागचे हात त्याला वर-खाली करतात. या चार टोकांमधली अंतरे, पिनांच्या भोकांचा व्यास आणि डेकवरच्या कानांची, म्हणजे पिनांसाठी भोके असलेल्या पट्ट्यांची, जाडी, असे सगळे कागदावर आकृती काढून लिहावे. काही ट्रॅक्टरांत डेक पूर्णपणे चॅसिसला टांगलेला असतो, तर काहींत तो स्वतःच्या चाकांवर किंवा मागच्या रोलरवर जमिनीवरून चालतो आणि ट्रॅक्टर त्याला फक्त ओढतो. एका प्रकारचा डेक दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅक्टरला जोडला तर उंची ठरवण्याची सोयच उरत नाही.

मी पहिल्यांदा घेतलेला डेक नेमका इथे फसला. रुंदी जुळत होती, पात्यांची संख्या जुळत होती, रंगही तोच होता. पण मागचे कान आमच्या लिफ्टच्या हातांपेक्षा जवळजवळ दोन इंच आत होते. विकणाऱ्याने ‘याच ट्रॅक्टरचा आहे’ असे मनापासून सांगितले होते, आणि त्याचेही खोटे नव्हते. मॉडेल तेच होते, पण मालिका नंतरची. दोन शनिवार-रविवार मी कान कापून नव्या जागी वेल्डिंग करण्याच्या विचारात घालवले. शेवटी अनुभवी मेकॅनिकने समजावले की कान सरकवले की बेल्टचा कोन बदलतो, कोन बदलला की बेल्ट पुलीवरून उडतो, आणि मग ती दुरुस्ती कधीच संपत नाही. तो डेक मी तसाच पुढे विकला. टांगणी कापून-जोडून जुळवू नये, हे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

या मापांपेक्षाही खात्रीचा एक मार्ग आहे, आणि नवख्या माणसाला तो सहसा कोणी सांगत नाही. आपल्या ट्रॅक्टरची पार्ट्स लिस्ट मिळवावी आणि ज्या ट्रॅक्टरचा डेक मिळतो आहे त्याचीही मिळवावी. जॉन डिअरची सुट्या भागांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, इतर अनेक कंपन्यांचीही मिळते. दोन्ही याद्यांत तीन भागांचे क्रमांक ताडून पाहावेत: पुढचा टांगणीचा दांडा, मागचे लिफ्टचे हात आणि इंजिनाकडून डेककडे जाणारा मुख्य बेल्ट. दांडा आणि हात तेच असतील तर टांगणी तीच. बेल्टचा क्रमांकही तोच असेल, तर इंजिनाच्या पुलीपासून डेकच्या पुलीपर्यंतचे अंतर आणि वाट दोन्ही तीच असण्याची दाट शक्यता असते, कारण बेल्टची लांबी फार चुकली तर तो नीट ताणला जात नाही. हे तीन क्रमांक जुळले तर मी प्रत्यक्ष न मोजताही डेक घ्यायला तयार होईन.

बेल्टची वाट

जुन्या गार्डन ट्रॅक्टरांत इंजिनाचा क्रँकशाफ्ट पुष्कळदा आडवा असतो, आणि पाती तर उभ्या आसावर फिरतात. म्हणून उभ्या पातळीत धावणाऱ्या बेल्टला नव्वद अंशांत वळवून आडव्या पातळीत आणावे लागते. हे काम दोन पुल्या बसवलेली एक लोखंडी चौकट करते. तिला म्यूल ड्राइव्ह म्हणतात. अनेकदा ती ट्रॅक्टरचाही भाग नसते आणि डेकचाही नसते. दोघांच्या मध्ये वेगळी अडकवलेली असते. त्यामुळे डेक विकणारा ती द्यायला विसरतो, किंवा त्याच्याकडे ती नसतेच. नुसते डेक पुष्कळ मिळतात, म्यूल ड्राइव्ह आणि पुढचा दांडा मिळता मिळत नाहीत. डेकची चौकशी करताना पहिला प्रश्न याच दोन वस्तूंबद्दल असावा.

सगळेच डेक बेल्टवर चालतात असेही नाही. जॉन डिअरचा १९८३ ते १९९२ या काळातला ३१८ हा अजूनही भरपूर दिसणारा ट्रॅक्टर आहे. त्यात १८ एचपीचे दोन सिलिंडरचे ओनान इंजिन असे आणि त्याला ४६ किंवा ५० इंची डेक मिळे. त्याच्यानंतरच्या ४२५, ४४५ आणि ४५५ या मॉडेलांत डेकला शक्ती बेल्टने न देता शाफ्टने दिली. त्यामुळे नव्याचा डेक कितीही सुस्थितीत आणि कितीही स्वस्तात मिळाला, तरी तो ३१८ खाली चालणार नाही. डेकच्या मध्यभागी गिअरबॉक्स दिसला तर तो शाफ्टवरचा, मोठी उघडी पुली दिसली तर बेल्टवरचा, एवढे फोटोवरूनही ओळखता येते.

फिरण्याची दिशाही पाहावी. उजवीकडे गवत टाकणाऱ्या नेहमीच्या डेकची पाती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, म्हणजे पुढच्या बाजूने गवत डावीकडून उजवीकडे तोंडाकडे ढकलले जाते. म्यूल ड्राइव्हवर बेल्टला पीळ उलटा पडला तर पाती उलटी फिरतात. धार मागे आणि बोथट कड पुढे येते, गवत कापले न जाता झोडपले जाते. जुन्या माहितीपुस्तकातली बेल्टची आकृती छापून शेडच्या भिंतीवर चिकटवावी. मी तेच केले आहे.

बेल्ट बदलताना पंख्याचा किंवा कॉम्प्रेसरचा साधा व्ही-बेल्ट घालू नये. डेकवर बेल्टची पाठसुद्धा काही पुल्यांवरून घासत जाते आणि त्याला सारखे धक्के बसतात. त्यासाठी आत अ‍ॅरामिड धागा असलेला, मोअरसाठीचाच बेल्ट लागतो. रुंदी अर्धा इंच की पाच-अष्टमांश इंच, हे पुलीच्या खाचेवरून ठरते.

पात्याचा वेग: हा हिशेब टाळू नये

समजा टांगणीही जुळली आणि बेल्टही बसला. तरीही एक धोका उरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या मोअरसाठीच्या बी ७१.१ या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. डेक बनवणारा त्याच्या ट्रॅक्टरची पुली धरून हा हिशेब बसवतो. ट्रॅक्टर बदलला की हिशेब बदलतो.

उदाहरणाने पाहू. पाते २१ इंच लांब आहे. त्याच्या टोकाने एका फेरीत कापलेले अंतर २१ गुणिले बावीस-सप्तमांश, म्हणजे ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांनी चालते, इंजिनावरची पुली ५ इंची आणि स्पिंडलवरचीही ५ इंचीच. तेव्हा पाते ३,४०० फेऱ्यांनी फिरते आणि टोकाचा वेग १८,७०० फूट होतो. मर्यादेच्या आत, पण काठावर. आता तोच डेक अशा ट्रॅक्टरखाली घातला की ज्याच्या इंजिनाची पुली ६ इंची आहे. पाते ४,०८० फेऱ्यांनी फिरू लागते आणि टोकाचा वेग २२,४४० फुटांवर जातो. त्या वेगाला पाते तुटले किंवा दगड उडाला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. उलट इंजिनाची पुली ४ इंची असेल तर वेग १४,९६० फुटांवर येतो. धोका नाही, पण ओल्या गवताचे गोळे होऊन डेकमध्येच अडकतात आणि कापलेल्या जागी पट्टे दिसतात.

म्हणून डेक घेण्याआधी तीन आकडे लिहून घ्यावेत: आपल्या इंजिनावरच्या डेकच्या पुलीचा व्यास, नव्या डेकच्या पुलीचा व्यास आणि पात्याची लांबी. इंजिनाच्या कमाल फेऱ्या माहितीपुस्तकात असतात. जुन्या इंजिनांना त्या बहुधा ३,६०० पर्यंत असत, तेव्हा हिशेब कमाल आकड्यावरच करावा. डेकमध्ये मधल्या पुलीवरून दुसरा बेल्ट फिरत असेल तर त्या जोडीचे गुणोत्तरही धरावे. ज्यांना हे क्लिष्ट वाटते त्यांनी निदान पार्ट्स लिस्टमधले इंजिनाच्या पुलीचे क्रमांक दोन्ही मॉडेलांत तेच आहेत एवढे तरी पाहावे.

रुंदीबद्दल थोडक्यात सांगतो. डेकची रुंदी म्हणजे डावीकडच्या पात्याच्या टोकापासून उजवीकडच्या पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर, पत्र्याची बाहेरची रुंदी नव्हे. ट्रॅक्टरला कंपनीने जेवढ्या रुंदीचे डेक दिले होते त्यापेक्षा मोठा घालण्याचा मोह टाळावा. १० एचपीच्या इंजिनाला ४८ इंची डेक जूनमधल्या दाट गवतात ओढवत नाही.

शोध कुठे घ्यावा आणि काय विचारावे

क्रेग्सलिस्ट आणि फेसबुक मार्केटप्लेस हे नेहमीचे मार्ग आहेतच, पण गावाकडचे शेतीअवजारांचे लिलाव, मालक वारल्यावर होणारी घरसामानाची विक्री आणि जुने ट्रॅक्टर तोडून सुटे भाग विकणारी यार्ड इथे जास्त चांगला माल मिळतो, कारण तिथे वस्तू संचासकट असतात. जवळपासच्या मोअर दुरुस्त करणाऱ्याला आपला मॉडेल क्रमांक लिहून देऊन ठेवावा. शरद ऋतूच्या शेवटी आणि हिवाळ्यात शोधावे. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच डेक हवा असतो.

माझा सल्ला मात्र असा की आपल्याच मॉडेलचा, इंजिन बंद पडलेला पण डेक चांगला असलेला आख्खा ट्रॅक्टर मिळत असेल तर तो घ्यावा. नुसत्या डेकपेक्षा तो फार महाग पडतोच असे नाही, आणि त्याबरोबर म्यूल ड्राइव्ह, दांडा, लिफ्टचे हात, बेल्टची झाकणे, पिना, स्प्रिंगा सगळे हक्काचे मिळते. ते कसे जोडलेले होते हे डोळ्यांसमोर असते, हा आणखी मोठा फायदा. ठेवायला जागा मात्र हवी.

विकणाऱ्याशी बोलताना डेक कोणत्या मॉडेल क्रमांकाच्या ट्रॅक्टरखालून काढला, टांगणीचे सगळे भाग सोबत आहेत का, आणि तो शेवटचा कधी चालवला, हे विचारावे. खालच्या बाजूचा फोटो आवर्जून मागावा. वरून रंगवलेला आणि खालून न दाखवलेला डेक पाहायला जाऊ नये.

पाहायला जाताना टेप, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जाड हातमोजे न्यावेत. प्रत्येक पाते हाताने सावकाश फिरवून कान देऊन ऐकावे. चांगले बेअरिंग मुकाट फिरते, गेलेले बेअरिंग रेतीतून चाक गेल्यासारखे करकरते. मग पात्याचे टोक धरून वर-खाली हलवावे. स्पिंडल डुगडुगला तर बेअरिंग किंवा त्याचे घर झिजलेले आहे. शेवटी एका पात्याचे टोक डेकच्या कडेजवळ आणून जमिनीपासूनची उंची मोजावी, पाते अर्धे फिरवून त्याच जागी दुसऱ्या टोकाची उंची मोजावी. फरक एक-अष्टमांश इंचाहून जास्त असेल तर पाते वाकलेले आहे, आणि पाते बदलूनही फरक राहिला तर स्पिंडलचा शाफ्टच वाकलेला आहे. पात्याच्या मधल्या भोकाचा आकारही पाहून ठेवावा. ते गोल असते किंवा पाच, सहा वा सात टोकांच्या चांदणीसारखे, आणि नवे पाते त्याच आकाराचे घ्यावे लागते. गवत बाहेर पडण्याच्या तोंडावरचे संरक्षक झाकण जागेवर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बसवताना

स्पार्क प्लगची वायर आधी काढावी, बॅटरीची ऋण बाजू सोडावी, आणि मगच पात्याजवळ हात न्यावा. ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये; चाकांखाली लाकडी ठोकळे आणि चॅसिसखाली स्टँड द्यावेत. डेक जड असतो आणि त्याच्या कडा धारदार असतात, म्हणून दोघांनी मिळून सरकवावा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या चाकामागून डेक आत सारायला वाट होते.

दांडा आणि लिफ्टचे हात जोडून झाले की टायरमधली हवा माहितीपुस्तकात दिली आहे तेवढी करावी आणि सपाट काँक्रीटवर डेक समतोल करावा. हवा कमी-जास्त असताना केलेला समतोल उपयोगाचा नसतो. आधी डाव्या-उजव्या पात्यांची टोके सारख्या उंचीवर आणावीत, मग पाती पुढे-मागे करून पुढचे टोक मागच्यापेक्षा थोडे खाली ठेवावे. हा उतार साधारण एक-अष्टमांश ते पाव इंच असतो, आणि पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच मानावा. पुढचे टोक वर राहिले तर पाते तेच गवत मागच्या फेरीत पुन्हा कापते आणि इंजिनावर विनाकारण ताण येतो.

बेल्ट चढवल्यावर पाती हातमोजे घालून एक पूर्ण फेरी फिरवावीत आणि बेल्ट प्रत्येक पुलीच्या खाचेत आहे, टांगणीला कुठे घासत नाही, हे पाहावे. डेक सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर, दोन्ही स्थितींत स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून चाक लागत नाही याची खात्री करावी. सीटवरून उठले की पाती थांबवणारा स्विच चालतो आहे का, तेही पहिल्याच दिवशी तपासावे. जुन्या ट्रॅक्टरांत तो कोणीतरी तार जोडून निकामी केलेला असतो आणि तो पूर्ववत केल्याशिवाय मुलांच्या घरात तो ट्रॅक्टर चालवू नये.

पहिली चाचणी रिकाम्या, दगड नसलेल्या जागी, कमी वेगात आणि कोणी जवळ नसताना घ्यावी. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, प्रत्येक स्पिंडलच्या घराला हात लावून पाहावा. बाकीचे कोमट आणि एकच हात न ठेवण्याइतके तापलेले असेल तर त्याचे बेअरिंग बदलायचे आहे. तासाभराच्या कामानंतर पात्यांचे बोल्ट आणि टांगणीच्या पिना पुन्हा एकदा तपासाव्यात, कारण नवा बेल्ट पहिल्या तासात ताणतो आणि नव्या जोडणीतले बोल्ट पहिल्या तासात जागा घेतात. प्रत्येक कापणीनंतर डेकचे पोट कोरडे खरवडून ठेवले, आणि हिवाळ्याआधी आतून रंगाचा एक हात दिला, तर याच कामासाठी पुन्हा शोधाला निघण्याची वेळ पुष्कळ वर्षे येत नाही.